संक्रांतीनंतरचा कंगवा

अन्वरभाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. शिपाई दारातून हळूच सांगून गेला. उरलेला तास मी कसा घेतला, आठवत नाही. त्याला आता महिना होत आला. रडू येत नाही, नुसता थकवा येतो...

ढाणकीजवळच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळा परिचर होते. मी नवी होते तेव्हापासूनची त्यांची एक सवय. विद्युत परिपथाचा तास असला की ते फळीवरची एखादी तार आधीच सैल करून ठेवत. सेल, बल्ब, बटण सगळं जागेवर, पण बल्ब लागत नसे. पोरं म्हणायची, बल्ब गेला. "बल्बले नावं ठेवू नका, आधी जोड पाहा," असं सांगून ते चूक सापडेपर्यंत स्टुलावर चहा पीत बसत. माझा पोर्शन मागे पडायचा आणि मी चिडायचे.

खरं बिनसलं ते स्थिर विद्युतेवरून. वार्षिक नियोजनात तो पाठ भर पावसाळ्यात येतो. ओल्या हवेत कंगवा कितीही घासा, कागदाचे कपटे ढिम्म हलत नाहीत. मग मी निरीक्षण सांगून टाकायचे, कपटे कंगव्याकडे ओढले जातात, लिहा. एकदा तास संपल्यावर अन्वरभाई म्हणाले, "मॅडम, जे दिसलंच नाही ते पोराइले कायले लिहाले लावता?"

"परीक्षेत तेच लिहायचं असतं. तुम्ही तुमच्या काचेच्या नळ्या सांभाळा," मी म्हणाले. ते वाक्य मला अजून टोचतं.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी त्यांनी मला विचारून वर्ग व्हरांड्यात, उन्हात बसवला. "दोन दिवसापासून तेल नाही लावलं डोक्याले," म्हणाले आणि कोरड्या, पिकल्या केसांतून कंगवा फिरवून कपट्यांवर धरला. कपटे पटापट उडून चिकटले. पोरं चेकाळली. मी मान डोलावली, जणू माझ्या नेहमीच्याच पाहण्यातलं. प्रत्यक्षात मीही ते जन्मात पहिल्यांदा पाहत होते. शाळेत, कॉलेजात मीसुद्धा सांगितलेलं उतरवूनच पास झाले होते. त्यांना हे सांगायचं होतं, माफी मागायची होती. आज सांगू, उद्या सांगू म्हणत वर्षं गेली. पावसाळ्यात मी निरीक्षण सांगतच राहिले. यंदा उन्हाळ्यात ते रिटायर झाले, मग किडनीचं दुखणं, नागपूरच्या चकरा... आणि राहूनच गेलं.

मागच्या आठवड्यात तोच पाठ आला. मी त्यांचं कपाट उघडलं. बिस्किटाच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला कंगवा होता. कागदावर त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'संक्रांतीनंतर काढणे.'

तरी मी प्रयोग केला. कपटे हलले नाहीत. मुलं पेन उघडून मी काय सांगते याची वाट पाहत होती.

"काय दिसलं?"

"काहीच नाही."

"मग तेच लिहा."

"पण मॅडम, पुस्तकात तं वेगळंच हाये," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"आहे. संक्रांतीनंतर दिसेल. मी स्वतः पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शिक्षिका होऊन चार वर्षं झाली होती. अन्वरभाईंनी दाखवलं."

माना वह्यांवर झुकल्या. वह्या तपासल्या तर सगळ्यांत एकच ओळ, कपटे हलले नाहीत. मी प्रत्येक वहीवर बरोबरची खूण केली. ज्यांना त्या दाखवायच्या होत्या ते नव्हते. मग कंगवा त्याच कागदात गुंडाळला, अक्षर वर राहील असा, आणि कपाट लावून घेतलं.