फोडीत बी नको

ती या हॉटेलात आली ती आचारीण व्हायला. पहिल्या दिवशी भटारखान्यात पाऊल टाकलं, बाह्या वर सारल्या, आणि वस्तादांनी, म्हणजे तिथल्या मुख्य आचाऱ्यांनी, तिच्यासमोर लिंबांची टोपली सरकवली. लिंबं कापणारी बाई आज आलेली नाही, एवढी टोपली उरकून टाका, मग तुमच्या शेगडीचं बघू, असं ते म्हणाले. ते बघणं अजून चालूच आहे. मधल्या काळात हिचे केस पिकले, वस्तादांचे गेले, आणि ती न आलेली बाई काही शेवटपर्यंत आली नाही.

चूक तिचीच झाली. ती टोपली तिनं नीट कापली. लिंबू तळहाताखाली दाबून फळीवर घोळवलं, दोन्ही टोकं उडवली, आणि सुरी बरोबर मधोमध न घालता किंचित बाजूला घातली, म्हणजे बिया सगळ्या मधल्या पांढऱ्या दोरीला धरून एकीकडे राहतात. मग सुरीचं टोक एकदा फिरवायचं, की दोरी बियांसकट बाहेर. फोड अशी की पिळावी तर बशीत नुसता रस. वस्तादांनी एक फोड उचलून दिव्यासमोर धरली, दागिना पारखावा तशी पाहिली, आणि त्याच क्षणी तिचं नशीब त्या फळीला खिळलं.

तेव्हापासून सगळा भटारखाना तिला मावशी म्हणतो. मासळीच्या बशीला फोड, सूपला फोड, सरबताच्या ग्लासाच्या कडेला चकती, कापलेली सफरचंदं काळी पडू नयेत म्हणून चार थेंब, भात पांढरा सुटसुटीत व्हावा म्हणून दोन थेंब, सगळ्यासाठी एकच हाक: मावशी, लिंबू. पिळलेल्या सालांनासुद्धा गिऱ्हाइकं होती. भांडी घासणाऱ्या बाया तांब्याच्या कढयांसाठी मीठ लावून न्यायच्या, वाढपी कॉलरच्या डागांसाठी न्यायचे, दरवान डोक्यातल्या कोंड्यासाठी. मावशीकडे उरायचं काय, तर बोटांच्या पेरांवरच्या चिरा. त्यांत रस गेला की कळ थेट कानशिलापर्यंत जायची.

घरी आल्यावर ती सूप करायची. एकच शेगडी, एकच पातेलं, आणि चव घ्यायला नवरा. तो शिवणकाम करायचा आणि तोंडात टाचण्या नसतील तेव्हा चव घ्यायचा. “मस्त,” म्हणायचा. हा माणूस कोमट पाण्यालाही मस्त म्हणतो हे ठाऊक असल्यामुळे मावशीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरी ती करत राहिली. कधी गाजराचं, कधी कोंबडीचं, कधी नुसतं लिंबाचं, निवळ, तळ दिसेल असं.

शेगडी मागितली नाही असं नाही. दर वर्षी मागितली. वस्तादांचं उत्तरही दर वर्षी तेच. “मावशी, तुमच्यासारखं कापणारं एक माणूस तयार करा, आणि दुसऱ्या दिवशी शेगडीवर या. अहो, मासळीच्या फोडीतून एक बी निघाली तर मालकीणबाई माझी सालं काढतील.”

मग मावशीनं माणसं तयार करायला घेतली. पहिला आला तो गोलमटोल गडी. त्यानं कापलेल्या फोडी कुणीतरी चावून ठेवल्यासारख्या दिसायच्या. वस्तादांनी कपाळाला हात लावला, याच्या हातात सुरी नको म्हणाले, आणि त्याला तव्यावर उभा केला. दुसरीला लिंबाच्या रसानं अंगावर पुरळ उठायचं. तिला मासळीकडे पाठवलं. तिसऱ्यानं पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं, त्याला पावाच्या भट्टीवर बसवलं, आणि आता तो मावशीला हाक मारून लिंबू मागतो. या भटारखान्यात लिंबू न जमणं हीच बढतीची पायरी होती. मावशीला हे कळायला उशीर झाला, आणि कळल्यावर जास्तच चरफडायला झालं.

शेवटी तिनं घरचं माणूस आणलं. बहिणीची मुलगी. खरीखुरी भाची. हुशार, कामसू, तोंडाळ. मावशीनं तिला आधी घरी शिकवलं, शेजारपाजारच्यांना फुकट सरबत पाजून लिंबं संपवली. पण पोरीचा हातच जड. बी दिसली की ती खणून काढायला जायची, आणि फोडीची चिंधी व्हायची. त्याच सुमारास सूप करणारा आचारी नोकरी सोडून गेला. वस्तादांनी भाचीची फळी पाहिली, सुस्कारा सोडला, आणि तात्पुरती म्हणून तिला सूपच्या शेगडीवर उभी केली.

तात्पुरती. हा शब्द ऐकून मावशी दिवसभर कुणाशी बोलली नाही. तिला टोपली तात्पुरती मिळाली होती, हिला शेगडी. दोन्ही तात्पुरत्या गोष्टी छान रुजल्या.

भाची वाईट नव्हती. घरी जाताना रोज विचारायची, मावशी, सूपला आज काय कमी होतं? आणि मावशी रोज सांगायची. मिरी आधी घालू नकोस, आच मोठी ठेवू नकोस, लिंबू उतरवल्यावर पिळ. म्हणजे शेगडीवर हात भाचीचे, डोकं मावशीचं, आणि वाहवा वस्तादांची.

त्यात मालकीणबाईंना हौस आली. प्रत्येक टेबलावर एक कार्ड, त्यावर लिंबाचा इतिहास. बातम्या नावानं ओळखला जाणारा एक वाढपी होता, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत पोचवणं हा त्याचा मूळ धंदा, ताटं नेणं हा जोडधंदा. त्यानं ते कार्ड फळीपाशी उभं राहून मोठ्यानं वाचलं. मोठं पिवळं लिंबू म्हणे मुळात महाळुंग आणि कडू संत्रं यांचं लेकरू. व्यापाऱ्यांबरोबर वाळवंटं ओलांडून ते लांबलांबच्या बागांत पोचलं. पुढे जहाजांवर गेलं. महिनोन् महिने समुद्रावर राहून खलाशांच्या हिरड्या सडायच्या, दात हलायचे, तेव्हा लिंबाच्या रसानं माणसं वाचली.

मावशीची सुरी चालूच होती. “आणि जहाजावर ती कापायचं कोण?”

बातम्यानं कार्ड उलटून पाहिलं. मागे सरबतांचे भाव होते. “ते नाही लिहिलेलं.”

“नसणारच,” मावशी म्हणाली.

त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि सकाळी उठली ती ठरवूनच. लिंबू न जमणाऱ्याला शेगडी मिळते ना? मग आपल्यालाही लिंबू जमायचं नाही.

दुपारी मोठी पार्टी होती. कुठल्याशा कंपनीची, सगळे टाय लावलेले. मावशीनं टोपली पुढ्यात घेतली आणि बिया ठेवायला सुरुवात केली. बोलायला सोपं आहे. इतक्या वर्षांचा हात, तो ऐकतोय होय? सुरीचं टोक आपोआप दोरीकडे जायचं, ती मागे खेचायची. नीट कापायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या दुप्पट वेळ बिघडवायला लागला. एवढं करून एक वाडगा भरला. बियांच्या फोडी, एकीसारखी एक नाही. हा मासळीबरोबर जाईल, टेबलावर बी निघेल, वस्ताद तणतणत येतील, आणि आपण मान खाली घालून म्हणू, हात चालत नाही हो आता, शेगडीवर घ्या.

पण मासळीसाठी फोडी न्यायला आलेल्या पोरानं सूपसाठी आधी कापून ठेवलेला चांगल्या फोडींचा वाडगा उचलला, आणि हा वाडगा गेला सूपकडे. मावशी तेवढ्यात कोठीत दुसरी टोपली आणायला गेली होती. परत येईतो भाचीनं त्या सगळ्या फोडी मोठ्या पातेल्यात पिळल्या होत्या आणि, घाई म्हणून, सूप पुन्हा आचेवर चढवलं होतं. बिया तळाशी उकळल्या. निवळ, सुरेख दिसणारं सूप पन्नासएक टाय लावलेल्या माणसांच्या तोंडात काढ्यासारखं कडू लागलं.

पुढचं सगळं फार झपाट्यानं झालं. बशा परत आल्या. मालकीणबाई स्वतः आत आल्या, एक चमचा तोंडात घातला आणि काही न बोलता बाहेर गेल्या. ते न बोलणं वस्तादांना झोंबलं. त्यांनी पातेलं खाली उतरवलं, झाऱ्यानं तळ ढवळला, बिया वर काढल्या, आणि भाचीवर जे बरसले ते बरसलेच. डोळे आहेत का खाचा, गाळणी काय शोभेला टांगलीय, उद्यापासून भांडी घासायची, शेगडीला हात लावायचा नाही. भाची गोरीमोरी होऊन ऐकत राहिली. आणि मावशीला मूग गिळून बसणं शक्य होईना.

“वस्ताद, तिचं काही चुकलं नाही,” ती म्हणाली. “बिया माझ्या आहेत. मी ठेवल्या. मुद्दाम.”

तव्यावरच्यानं मान वळवून पाहिलं. मग वस्तादांचा चेहरा मऊ झाला, आणि तेच वाईट झालं.

“मावशी, भाची आहे तुमची, तुमचा जीव तुटणारच,” ते म्हणाले. “पण थापही पटेल अशी मारा. तुम्ही कापलेल्या फोडीत बी? उद्या म्हणाल मासा झाडावर चढला.”

“अहो, खरंच सांगतेय.”

“बरं. मग कापा बघू तशी एक. सगळ्यांसमोर.”

मावशीनं लिंबू घेतलं. दातओठ खाऊन सुरी बरोबर मधोमध घातली. बिया मध्येच चिरल्या, छान, आता इथंच थांबायचं. आणि तिला कळायच्या आत सुरीचं टोक गर्रकन फिरलं. दोरी आणि अर्ध्या चिरलेल्या बिया फळीवर पडल्या, फोड स्वच्छ. भट्टीवरचा, तव्यावरचा, मासळीची, सगळे हसले. तिनं दुसरं लिंबू घेतलं. तेच. बातम्या मायेनं म्हणाला, “राहू द्या मावशी. ते तुम्हाला नाही जमायचं.”

दुपारी उशिरा मोरीपाशी दोघीच उरल्या. सूपचं पातेलं भाचीच्या पुढ्यात, मावशी शेजारी उकिडवी बसून मीठ लावलेल्या सालांनी कढई घासत होती. 

“मला माहीत आहे, बिया तुझ्याच होत्या,” भाची म्हणाली. “पिळताना बोटाला बी लागली होती.”

“मग गाळलं का नाहीस गं?”

“वाटलं चुकून एखादी राहिली असेल. तुझ्या फोडी आजवर कुणी गाळल्यात?” भाचीनं पातेलं उलटं केलं. “मला सांगितलं असतंस तर मी शेगडी सोडली असती.”

“तू सोडली असतीस. त्यांनी मला दिली असती?”

 भाची पातेल्याच्या बुडावर जोर काढत राहिली. जरा वेळानं म्हणाली, “मला राग आलाय तुझा. पण त्याहून जास्त त्यांचा आलाय. आणि ते हसत होते त्याचा सगळ्यात जास्त.”

मावशी म्हणाली, “मलापण.”

दुसऱ्या दिवशी सूपच्या शेगडीवर वस्ताद स्वतः होते. सोमवारी दुसऱ्या हॉटेलातून एक आचारी येणार, तोवर मीच बघतो, असं त्यांनी जाहीर केलं. मोरीवरून भाचीनं ते ऐकलं, फळीवरून मावशीनं. मावशीनं टोपली समोर घेतली होती, पण सुरी गुंडाळलेल्या फडक्यातच होती. ती एका उलट्या खोक्यावर बसली होती. नेहमी उभी असणारी बाई बसली आहे हे आधी बातम्याच्या लक्षात आलं, म्हणजे थोड्याच वेळात सगळ्यांच्या.

वस्ताद झारा हातात घेऊन आले. “मावशी, फोडी?”

“टोपलीत आहेत. अख्ख्या.”

“रुसलात काय?”

“रुसून झालं. आता थांबलेय.”

“कशासाठी?”

“शेगडीसाठी.”

वस्ताद आधी हसले. मग समजावू लागले. जेवणाची वेळ तोंडावर आली आहे, या भटारखान्यात तुमच्याएवढा मान कुणाला नाही, मला तरी आहे का, सोमवारी तो माणूस येऊ दे, मग आपण बसून बोलू. मावशीनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही.

“वस्ताद,” ती म्हणाली, “काल मी म्हटलं, बिया मुद्दाम ठेवल्या, तर तुम्ही मानलं नाहीत. आज मुद्दाम कापत नाहीये. हे तरी मानाल ना?”

 वस्तादांनी उगाच टोपलीतलं एक लिंबू उचललं आणि हातात खेळवत राहिले. बातम्या दारातून आत डोकावला, दोन टेबलांची मासळी लिंबावाचून अडली आहे म्हणाला, आणि आतली हवा बघून तिथंच थबकला. तव्यावरच्यानं आपला तवा पुसायला घेतला. मोरीवरचं पाणी बंद झालं.

मागे शेगडीवर झाकण खडखडायला लागलं. वस्ताद इकडे, सूप तिकडे एकटं, मोठ्या आचेवर.

मावशी उठली. वस्तादांच्या चेहऱ्यावर हायसं आलं, पण ती फळीकडे वळलीच नाही. त्यांच्या बाजूनं सरळ शेगडीपाशी गेली, आच कमी केली, झाकण सरकवलं आणि चमच्यानं चव घेतली.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली.

शेगडीमागच्या मांडणीवर एकसारखे सहा डबे होते. मिठाचा कुठला, ते इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पहिल्याचं झाकण उघडलं. साखर. ती तशीच झाकली आणि दुसऱ्याला हात घातला. फळीपाशी वस्ताद लिंबू हातात घेऊन अजून उभेच होते.