चढणाऱ्याला वाट देणारा वैमानिक

मुरबाडच्या स्टँडबाहेर काळ्या-पिवळ्या जीप नंबराने उभ्या असतात. पुढची भरल्याशिवाय मागची हलत नाही. त्या दुपारी भगीरथच्या पुढे दोन जीप होत्या, म्हणजे एक लढाई निवांत उरकेल एवढा वेळ होता. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता. कानात हेडफोन, मोबाइल स्टिअरिंगला टेकवलेला, आणि पडद्यावर त्याचं जुनं जेट विमान डोंगराच्या सोंडेवरून चाललेलं. समोरून दुसरं विमान आलं. भगीरथचा उजवा पाय ब्रेकवर इतक्या जोरात गेला की मागे बसलेल्या दोघांनी उभ्या जीपमध्ये दांडा धरला.

"काय आलं रे आडवं?" त्यातल्या एकाने विचारलं.

"काय नाय. मेलो," भगीरथ म्हणाला आणि हेडफोन काढून डॅशबोर्डवर फेकला.

भगीरथ वैशाखऱ्याचा. गावातून मुरबाडला माणसं आणायची, मुरबाडहून परत न्यायची, आणि सवारी मिळाली तर माळशेज घाट चढून मढपर्यंत जायचं, हे त्याचं काम. वय चाळिशीच्या अलीकडचं. घराभोवती मोबाइल रेंज नीट धरत नाही, संध्याकाळी तर अजिबातच नाही. त्यामुळे विमानं उडवायची ती स्टँडवर, नंबर लागेपर्यंत. कित्येक लढाया अशा अर्ध्यावर सुटल्या आहेत. विमान आकाशात, मागे शत्रू, आणि कुणीतरी बोनेटवर थाप मारून विचारतं, "वैशाखरे ना? चल की मग."

हा खेळ त्याला दीपेशने नीट शिकवला. दीपेश वाशिंदचा, तिथल्याच एका कारखान्यात शिफ्टला. मित्रांबरोबर माळशेजला फिरायला आला होता आणि परतताना भगीरथच्या जीपमध्ये बसला. चहाला गाडी थांबली तेव्हा त्याने भगीरथच्या हातात तोच खेळ पाहिला जो तो स्वतः खेळत होता. त्याने नंबर घेतला. पुढच्याच आठवड्यात भगीरथ त्याच्या चौघांच्या स्क्वॉडमध्ये होता. स्टँडवर भगीरथला सगळेच ओळखतात, पण ते जीपमुळे. त्याला स्वतःहून कुणी कशात घेतलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. हे तो कुणाला बोलून दाखवत नसे. बायकोला, संगीताला, त्याने एवढंच सांगितलं होतं की वाशिंदचा एक पोरगा चांगला आहे.

अडचण विमानाची होती. स्क्वॉडमध्ये सगळ्यात भारी विमान ज्याचं, त्याच्या मापाने खेळ समोरचे शत्रू निवडतो. सगळ्यात भारी विमान मनस्वीचं. ती शहापूरला कॉलेजात शिकते आणि चौघांत तिच्याइतकं कुणी उडवत नाही. तिच्या मापाचे शत्रू आले की भगीरथचं विमान त्यांच्यापुढे बैलगाडीसारखं. त्यांच्याकडे दुरून सुटणारी मिसाइलं, याच्याकडे नुसती तोफ. ते सरळ वर चढून जातात, हे अर्ध्यात दमतं. नवं विमान मिळवायचं तर महिनोन्महिने तासन्‌तास खेळून गुण साठवायला लागतात, आणि भगीरथकडे वेळ होता तो दोन जीप पुढे असतील तेवढा.

म्हणून मनस्वीने त्याला जुनं विमान कसं वाचवायचं ते शिकवलं. ती बोलायची कमी आणि एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला तिला आवडायचं नाही.

"दादा, उंच राहायचं नाही. झाडांना घासून जायचं. जमिनीलगत असलात की त्यांच्या मिसाइलला तुम्ही नीट दिसत नाही."

"बरं."

"समोरासमोर कुणाच्या अंगावर जायचं नाही. आणि वळत बसायचं नाही. वळलं की वेग जातो. तुमच्याकडे दुसरं काहीच नाहीये, वेग तेवढा आहे. तो गेला की संपलं."

"मग मारायचं कोनाला?"

"जो दुसऱ्याच्या मागे लागलाय त्याला. त्याचं लक्ष पुढे असतं. मागून या, एकदा मारा, सरळ निघून जा. लागलं का ते बघायला परत वळू नका. आणि चुकून तुम्ही वर आहात आणि कुणी खालून चढत येतोय असं दिसलं, तर तो तुमचा. चढताना कितीही भारी विमान मंद होतं. तेवढा एकच चान्स आहे तुम्हाला, तो सोडायचा नाही."

भगीरथने सगळं पाठ केलं. झाडांना घासून जाणं त्याला जमलं. दऱ्याखोऱ्यांतून विमान काढणं तर बाकीच्या तिघांपेक्षा बरं जमलं. दुसऱ्याच्या मागे लागलेल्याला मागून गाठणंही जमलं. फक्त शेवटचं जमेना. वर असताना खालून कुणी चढत आलं की त्याचं विमान हटकून डावीकडे सरकायचं आणि मंद व्हायचं. शत्रू बाजूने वर निघून जायचा, वरून वळायचा आणि त्याला मारायचा. दर वेळी तसंच.

एकदा यातून भलतंच झालं. शत्रू मागून भरधाव येत असताना भगीरथने असाच वेग टाकला, म्हणजे एकदम कमी केला, आणि शत्रूला आवरलं नाही. तो सरळ पुढे निघून गेला, भगीरथच्या तोफेसमोर. विमान पडलं. भगीरथला वाटलं, आपल्याला युक्ती सापडली. पुढचे कित्येक दिवस तो मुद्दाम वेग टाकत राहिला आणि मरत राहिला.

"भाई, वो एक बार होता है," दीपेश शेवटी म्हणाला. "दुसरा काही उपाय उरला नाही की मगच वेग टाकायचा. तू सुरुवातीलाच टाकतोयस."

दीपेशने एका लढाईचा रिप्ले सगळ्यांना लावून दाखवला. वर भगीरथ, खालून चढणारं विमान, मध्ये काहीच नाही. भगीरथ डावीकडे झाला.

"हे काय केलंस?"

"कुठं काय?"

"तू त्याला साइड दिलीस."

भगीरथने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "चढत होता तो."

पलीकडे मनस्वी इतकी हसली की तिने माइक बंद केला. दीपेश हसला नाही. रविवारी स्पर्धेचा सामना होता. जिंकले तर वरच्या गटात. "आसनगावचा अमित मला घ्या म्हणून मागे लागलाय. नवं विमान आहे त्याच्याकडे," दीपेश म्हणाला. "रविवारी तुला खेळवतो. पण परत साइड दिलीस ना, तर अमित. टाइमपास नाही करायचा आपल्याला."

साइड कुठून आली, ते भगीरथला पक्कं ठाऊक होतं. तो ट्रकवर क्लीनर होता तेव्हा नामदेव नावाच्या ड्रायव्हरने त्याला घाटात गाडी शिकवली. नामदेवचा एकच नियम होता: भरलेली गाडी चढत असेल तर उतरणाऱ्याने डावीकडे घेऊन थांबायचं. चढणाऱ्याचा दम मोडला की त्याला परत उचलता येत नाही, आणि गाडी मागे सरली तर मागच्याचाही जीव जातो. भगीरथ हे चुकला की नामदेव बोलायचा नाही, पान्याने गुडघ्यावर मारायचा. आता भगीरथला आठवावंही लागत नाही. वळणावर खालून नाक दिसलं की पाय आपोआप जातो. इतक्या वर्षांत त्याच्या जीपला घाटात ओरखडा नाही. आणि त्याच सवयीपायी वाशिंद-शहापूरची पोरं त्याला हसत होती. हे त्याला फार लागलं.

उपाय त्याने स्वतः काढला. ड्रायव्हरच्या सीटवर बसायचंच नाही. तो शेजारच्या सीटवर मांडी घालून बसू लागला. पायाखाली ब्रेक नाही, समोर स्टिअरिंग नाही. पहिल्या दिवशी पाय मांडीतच उसळत राहिला. मग हळूहळू शांत झाला. खालून विमान चढत आलं की भगीरथ दात आवळून नाक खाली करायचा आणि सरळ त्याच्यावर जायचा. एक पडलं. मग आणखी पडली.

"अरे वा," दीपेश म्हणाला. मनस्वी म्हणाली, "हां. असं." तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

गुरुवारी तो मढहून माणसं घेऊन घाट उतरत होता. पुढच्या सीटवर ठकूमावशी होती, मोरोशीची. मढला लेक दिलेली असल्यामुळे तिचं येणं-जाणं असे. एका अरुंद वळणावर खालून ट्रक आला. कांद्याच्या गोण्यांनी भरलेला, पहिल्या गिअरमध्ये कण्हत. भगीरथने तो पाहिला. पाय हलला नाही. जीप होती त्याच वेगाने ट्रकच्या तोंडावर गेली. ट्रकवाल्याने ब्रेक मारला आणि मग कुठे भगीरथने मारला. धक्का लागला नाही. पण ट्रक चढावर बंद पडला आणि हातभर मागे आला. क्लीनर उडी मारून चाकामागे दगड घालायला धावला. मागे गाड्यांची रांग लागली.

ट्रकवाला खाली उतरला. तो म्हातारा होता आणि त्याने शिव्या सावकाश, एकेक करून दिल्या. शेवटी विचारलं, "घाटात नवा आहेस का रे?"

भगीरथला हेच सगळ्यात झोंबलं. त्याने जीप कठड्याला लावून ट्रकला वाट दिली.

जीप परत चालू झाल्यावर ठकूमावशीने दांड्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "आज थांबला नाय तू."

"दिसला नाय."

"दिसला व्हता. मी बघलं तुझ्याकडं."

मुरबाडला पोचेपर्यंत बातमी स्टँडवर आली होती. "या, ट्रकला आडवे जाणारे!" कुणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "याला रांगेत नको रे ठेवू, आपल्या अंगावर घालंल." भगीरथ हसला नाही. त्या दिवशी आणि शुक्रवारी तो खेळला नाही. शनिवारी खेळला, शेजारच्या सीटवर बसून, आणि चांगला खेळला. त्यामुळे त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रविवारी सामन्याच्या वेळेआधीच त्याची जीप नंबराला लागली. पुढे एकच जीप, पण ती रिकामी होती, म्हणजे वेळ होता. तो चहा पिऊन आला तर पुढच्या सीटवर ठकूमावशी बसलेली. मांडीवर पिशवी, पायाशी सुकटाची टोपली, जीपभर वास.

"मढला जाशील ना? लेकीकडं चाललेय," ती म्हणाली. "लवकर येऊन जागा धरली."

मागच्या सीट रिकाम्या होत्या. मावशी, जरा मागे बसता का, असं त्याला म्हणता आलं असतं. तिने 'का?' असं विचारलं असतं. विमानं पाडायचीत, असं गुरुवारनंतर तिला सांगायची त्याची छाती नव्हती. मागे बसावं तर मागे नेट अडखळतं. तो चडफडत फिरून आला आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसला. मांडी घालायला जागा नव्हती. गुडघा स्टिअरिंगला लागत होता. त्याने दोन्ही पाय पेडलपासून मागे ओढून घेतले.

सामना चांगला रंगला. भगीरथ झाडांना घासून गेला, मनस्वीच्या मागे लागलेल्या एकाला मागून गाठून त्याने पाडलं आणि वळून न बघता निघून गेला. "मस्त, दादा," मनस्वी म्हणाली. शेवटी त्यांच्याकडे भगीरथ आणि मनस्वी उरले, पलीकडे एकच. मनस्वीच्या विमानाला आग लागली होती, ती कशीबशी तळाकडे निघाली होती. शत्रू तिच्या मागे जाण्यासाठी चढत होता. भगीरथ त्याच्या बरोबर वर होता.

"तुझा आहे," दीपेश कानात म्हणाला. "तुझा आहे, भाई. सरळ जा."

भगीरथने नाक खाली केलं. समोरचं विमान मोठं होत गेलं. शेजारी ठकूमावशीने पिशवी सावरली आणि त्याच्या पायाकडे बघितलं. पाय पुढे गेला होता. ब्रेक तळाला टेकला होता, आणि अंगठ्याने विमान डावीकडे घेतलं होतं. शत्रू बाजूने निघून गेला, त्याने मनस्वीला पाडलं, मग तो भगीरथकडे वळला.

पडद्यावर सामना हरल्याचं उमटलं.

"साइड दिलीस," दीपेश म्हणाला.

"हो."

"सॉरी, यार. सोमवारपासून अमित." मनस्वी काहीतरी म्हणाली, पण तोपर्यंत भगीरथ स्क्वॉडमधून बाहेर काढला गेला होता आणि तिचा आवाज अर्ध्यात तुटला.

बोनेटवर थाप पडली. पुढची जीप निघून गेली होती आणि त्याची भरली होती. भगीरथने मोबाइल डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबला, कप्प्याचं दार बसेना म्हणून त्यावर दोन बुक्क्या मारल्या आणि गाडी काढली. मढला उतरताना ठकूमावशीने त्याला मूठभर सुकट कागदात बांधून दिलं. त्याने ते नको म्हटलं, मग घेतलं.

रिकामी जीप घेऊन तो घाट उतरू लागला. मन जळत होतं. तो एकच चान्स. एवढंच तर करायचं होतं. दीपेशला शिवी द्यावी तर त्याचं काही चुकलं नव्हतं, नामदेवला द्यावी तर त्याचंही नव्हतं. गुरुवारच्याच वळणावर खालून टेम्पो आला, विटांनी भरलेला, एका बाजूला कलंडल्यासारखा. भगीरथने डावीकडे घेतलं, कठड्याला लागून जीप उभी केली आणि थांबला. टेम्पो कण्हत, धूर सोडत, इंचाइंचाने वर सरकला. ड्रायव्हर कोवळा पोरगा होता, फोनवर बोलत होता. त्याने भगीरथकडे बघितलं नाही, हातसुद्धा वर केला नाही.

भगीरथने त्याला एक सणसणीत शिवी घातली, टेम्पो वळण पार करेपर्यंत आरशात बघत राहिला, आणि मग गिअर टाकला.