वासुदेवदादांना समाधी लागली नव्हती

माझे थोरले मेहुणे वासुदेवदादा त्या दिवशी समाधीत नव्हते. चांगले टक्क जागे होते. एवढं एक वाक्य लिहायचं मी इतकी वर्षं टाळत आलो, की तेवढ्यात माझे दात गेले, गुडघे गेले आणि हुडकेश्वरात दादांचं वावर होतं तिथं तीन मजली घरं उभी राहिली. आमच्या नात्यात कुठंही लग्नाची बोलणी निघाली की ‘दादांच्या समाधी’चा किस्सा निघतो आणि सगळे माझ्याकडे वळतात. कारण तो मी सगळ्यांत रंगवून सांगतो. तर आता, एकदा, न रंगवता.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची. मी कोराडीच्या वीज केंद्रात कारकून होतो, नागपूरच्या धरमपेठेत भाड्यानं राहत होतो आणि ध्यान करत होतो. सकाळी गॅलरीत, संध्याकाळी गॅलरीत, आणि मधल्या वेळात कोराडीच्या बसमध्ये. (बसमधल्या लोकांना मी झोपतो असं वाटायचं. कोळशाच्या ट्रकामागून जाताना सगळ्यांचेच डोळे मिटलेले असत, त्यामुळे माझं वेगळेपण कुणाच्या लक्षात येत नसे.) अशी बरीच वर्षं गेल्यावर मला वाटू लागलं की आपण आता दुसऱ्यांना शिकवावं. खरं सांगायचं तर मला ‘गुरुजी’ म्हणवून घ्यायचं होतं. ऑफिसात मला सगळे ‘ओ बाबू’ म्हणत.

आमच्या ध्यानमंडळात शिक्षक होण्यासाठी परीक्षा होती, आणि ती मोठी विचित्र होती. परीक्षा शिक्षकाची, पण बसायचं शिष्यानं. उमेदवारानं एखादा नवखा माणूस तयार करायचा. त्या माणसानं स्वतःच्या घरी, घरच्या गडबडीत, परीक्षकासमोर पूर्ण तासभर डोळे मिटून बसायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. तास संपला की घंटी वाजवायची, आणि ती शिक्षकानंच. घंटीआधी शिष्यानं डोळे उघडले किंवा शिक्षकानं घंटी लवकर वाजवली, तर दोघंही घरी. शिष्य आधीच घरी असे, म्हणजे जायचं ते मीच.

शिष्य म्हणून मी पहिल्यांदा बायकोला विचारलं. सुमन म्हणाली, “मी डोळे मिटून बसली तं दूध उतू गेलेलं कोन पाह्यते?”

मग ऑफिसातल्या एका मित्राला विचारलं. तो एकदा बसला, घोरला, आणि दुसऱ्या दिवसापासून मला पाहून रस्ता बदलू लागला.

शेवटी सुमननंच तोडगा काढला. “आमच्या दादाले शिकवा ना. तुमची परीक्षा होते, त्याचा राग जाते, अन् नंदाचं लगन होते.”

दादांचा राग ही साधी बाब नव्हती. ते आपल्या बैलांवर ओरडले की शेजारच्या वावरातले बैल उभे राहत. नंदा त्यांची एकुलती मुलगी, गुणाची, मॅट्रिक झालेली. तिचं एक स्थळ जवळपास ठरलं होतं. पण जेवायला बसल्यावर मुलाच्या काकांनी दादांच्या मळ्यातली संत्री आंबट आहेत असं म्हटलं. दादांनी त्यांना पाटावरून उठवलं आणि ताटासकट फाटकापर्यंत पोचवलं. काका ताट हातात घेऊन रस्त्यावर उभे होते, नंतर ते ताट परत द्यायला आलेही, पण नातं काही परत आलं नाही. आता उमरेडचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. वहिनींनी दादांना देवाची शपथ घातली होती की या खेपेला तोंड उघडायचं नाही.

म्हणून मी दर रविवारी सायकलनं हुडकेश्वरला जाऊ लागलो.

“दादा, श्वासाकडे पाहा.”

“दिसत नाई जवाईबापू.”

“डोळ्यांनी नाही. मनानं.”

“मनात तं मोटार दिसून राहिली विहिरीवरची. जळली काल.”

“ती जाऊ द्या.”

“कशी जाऊ देऊ? ओलीत राहिलं ना माह्यं, झाडं सुकून राहिली.”

पण एक गोष्ट माझ्या बाजूनं होती. मी त्या घरचा जावई होतो. आमच्याकडे जावई म्हणजे काय, हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला सांगून कळणार नाही. मी दारात दिसलो की खाट टाकली जाई, गादी घातली जाई, वहिनी डोक्यावरून पदर घेत. मी उद्या म्हटलं असतं की ही विहीर इथं शोभत नाही, तर दादांनी एवढंच विचारलं असतं की मग कुठं खणायची. “जवाईबापूनं सांगितलं म्हंजे सांगितलं,” म्हणून ते बसत. पाय दुखले तरी बसत, मुंग्या चावल्या तरी बसत. काही महिन्यांत दादा तासभर असे बसू लागले, की चिमण्या त्यांच्या जवळ येऊन दाणे टिपत. मी हे माझ्या शिकवण्याचं यश समजत होतो. ती नुसती रीत होती, हे मला फार उशिरा कळलं.

परीक्षेचा रविवार उजाडला. परीक्षक इंदूरचे, सडपातळ, पांढऱ्या कपड्यांतले, हिंदी बोलणारे. उमरेडचे पाहुणे बोलणीसाठी त्याच दिवशी येणार होते, पण दुपारच्या बसनं. ध्यान सकाळी उरकायचं, मग दादा शांत चेहऱ्यानं व्याह्यांना सामोरे जायचे, असा माझा बेत. मला तो फार हुशारीचा वाटला होता.

ओसरीवर पांढरी चादर अंथरली. उदबत्ती लावली. मधोमध दादा, पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोळे मिटलेले. त्यांच्या समोर मी, बाजूला पितळी घंटी. कोपऱ्यात परीक्षक, हातात घड्याळ. घरात कुणी एक शब्द बोलायचा नाही अशी मी सगळ्यांना ताकीद दिली होती. दारात सुमन ओठांवर बोट ठेवून उभी होती.

तास संपायला पाव तास उरला असेल. बाहेर जीप थांबली.

उमरेडच्या पाहुण्यांना कुणाची तरी नागपूरला येणारी जीप मिळाली होती. बसची वाट पाहण्यापेक्षा ते सकाळीच निघाले होते. मुलाचे वडील, मुलाची आत्या आणि मागं आणखी दोघं.

आमच्याकडे बोलणीला पाहुणे आले की मुलीच्या बापानं दारापर्यंत जायचं, आपल्या हातानं पाय धुवायला पाणी द्यायचं आणि छातीला छाती लावून भेटायचं. त्याशिवाय पाहुणा आत पाय ठेवत नाही. पण पाहुण्यांनी आत पाहिलं. पांढरी चादर, उदबत्ती, पांढऱ्या कपड्यांत डोळे मिटून बसलेला घरधनी, भोवती गप्प माणसं, दारात तोंडावर बोट धरलेली बाई. मुलाच्या वडिलांनी टोपी काढली, चपला काढल्या आणि न बोलता चादरीच्या काठावर येऊन बसले.

आत्याबाई सुमनजवळ गेल्या. “कवा झालं वं बाई?”

सुमनला बोलायची मनाई. तिनं नुसती मान हलवली.

“आजारी होते का?”

सुमननं पुन्हा मान हलवली.

तेवढं पुरलं. आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि सूर काढला. आवाज भरदार होता. परीक्षकांनी घड्याळावरची नजर उचलून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांच्या इंदुरात ध्यानाच्या वेळी कुणी रडत नसावं.

अशात आतून वहिनी आल्या. जीपचा आवाज ऐकून त्यांना पाहुणे आले एवढंच कळलं होतं. जरीचं लुगडं, नाकात नथ, हातात पोह्यांच्या बशा, चेहऱ्यावर हसू. मागं नंदा, नव्या साडीत, पाण्याचे पेले घेऊन.

आत्याबाईंचा सूर अर्ध्यातच थांबला.

“कोन गेलं हो घरातलं?” मुलाच्या वडिलांनी वहिनींना विचारलं.

“कोनीच नाई गेलं,” वहिनी म्हणाल्या.

“मंग हे काहून असे बसले?”

“ध्यान करून राहिले.”

मुलाचे वडील पुढं वाकले. “आमी आलो हे मालूम हाये का त्यायले?”

वहिनींनी दादांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सुमन माझ्याकडेच पाहत होती. ती हळूच म्हणाली, “अहो, वाजवा ना घंटी.”

घंटी माझ्या हाताशी होती. नुसतं बोट लावायचं होतं. परीक्षकांची नजर आत्याबाईंवर होती. आणि तेव्हा, डोळे न उघडता, ओठ जेमतेम हलवत, दादांनी मला विचारलं, “जवाईबापू, उठू का?”

हे कुणालाही माहीत नाही. हेच मी लिहायला बसलो होतो.

मी तसाच पुटपुटलो, “नाही. श्वासाकडे पाहा.”

त्यांनी श्वासाकडे पाहिलं. मानेची शीर दोरीसारखी फुगली होती, हाताच्या मुठी वळल्या होत्या. तरीही श्वास लांब आणि एकसारखा चालला होता. (अशा वेळी मी श्वासाचा दर्जा तपासत होतो, यावरून माझी योग्यता कळावी.)

मुलाचे वडील उठले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली. “घरात कोनी मेलं असतं तं समजलो असतो बाई,” ते वहिनींना म्हणाले. “धडधाकट मानूस पाहुन्याले पाहून डोळे मिटते, असं घर आमी कुठं पाह्यलं नाई.”

“थांबा ना जी, एक मिनिट,” वहिनी म्हणाल्या.

“थांबलो तं आमीच होतो. चाल वं.”

आत्याबाईंनी जाता जाता नंदाच्या हातातलं पाणी मात्र घेतलं. रडून घसा सुकला असावा. जीप सुरू झाली, तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत राहिला. तास पूर्ण झाला. मी घंटी वाजवली.

“ऐसा शिष्य मैंने नहीं देखा,” इंदूरचे गुरुजी म्हणाले. “आप उत्तीर्ण हैं।”

दादांनी डोळे उघडले. आधी रिकाम्या दाराकडे पाहिलं. मग नंदाकडे. ती भरलेल्या बशा उचलत होती.

“घंटी काहून नाई वाजवली तुमी?” सुमननं मला सगळ्यांसमोर विचारलं. नवऱ्याला असं विचारायची तिची रीत नव्हती.

माझ्या तोंडून निघालं, “कशी वाजवणार? दादा फार खोल गेले होते. समाधीच लागली होती. अशा वेळी एकदम उठवलं तर जिवाला धोका असतो.”

असा काही धोका नसतो. मी तो तिथंच बसून तयार केला.

वहिनी दादांकडे वळल्या. “तुमाले खरंच काई आयकू नाई आलं?”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या आवाजाचा तो माणूस, पण मी त्या घरचा जावई. ते खाली पाहून म्हणाले, “नाई आलं. खोल गेलतो.”

आणि हुडकेश्वरभर ही बातमी झाली. पहिलं स्थळ दादांच्या रागानं मोडलं होतं, दुसरं त्यांच्या शांतीनं मोडलं. उमरेडकडे असं पसरलं की मुलीच्या बापाला झटके येतात. नंदासाठी मग बरीच वर्षं कुणी आलं नाही. शेवटी वर्ध्याचा एक शाळामास्तर मिळाला, वयानं थोराड, स्वभावानं भला. दादा गावातून निघाले की पोरं ओळीनं डोळे मिटून उभी राहत. पूर्वी याच पोरांच्या बापांना दादांच्या फाटकापुढून जायची छाती नव्हती. त्यानंतर दादा कधी कुणावर ओरडले नाहीत. ते ध्यानामुळं की आणखी कशामुळं, हे मी कधी विचारलं नाही.

मी शिकवत राहिलो. लोक ‘गुरुजी’ म्हणू लागले. प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी मी खोल ध्यानाचं उदाहरण द्यायचो, ते दादांचंच. लोक हसत, मग गंभीर होत. उदाहरण फार चालायचं.

माफी मागायचा प्रयत्न मी केलाच नाही असं नाही. एकदा त्यांच्या मळ्यात म्हणालो, “दादा, त्या दिवशी मी...” ते म्हणाले, “कोनत्या दिवशी? संत्रं घ्या, यंदा गोड हाये.” नंदाच्या लग्नात मांडवाच्या मागं गाठलं, तर त्यांनीच हात धरून मला मानाच्या पाटावर नेऊन बसवलं. जावयाला बोलू न देता बसवायचे शंभर मार्ग त्या घराला ठाऊक होते.

शेवटी ते मोठ्या दवाखान्यात होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता भेटून घ्या. या खेपेला मी ठरवूनच गेलो. वाक्यही पाठ केलं होतं: दादा, घंटी माझ्या हाताशी होती, चूक माझी, मला माफ करा. खाटेभोवती वहिनी, नंदा, तिचा नवरा, दोन नर्स. मी खाटेजवळ गेलो, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “दादा...”

“हे माहे गुरू,” ते नर्सला म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. “सिस्टर, यायनं मले असं ध्यान शिकवलं होतं का पाहुने येऊन रडून गेले, तरी मले पत्ता नाई. मानूस दारात मेला असता तरी मले समजलं नसतं, एवढा खोल गेलतो.” आणि मग त्यांनी सगळा किस्सा सांगितला. आत्याबाईंच्या रडण्याची नक्कलसुद्धा केली. तसा त्यांच्यात जीव नव्हता, तरी केली.

नर्स हसल्या. वहिनी हसल्या. नंदाही हसली. दादांनी माझ्याकडे पाहिलं, आता तुमी सांगा पुढचं, अशा नजरेनं.

आणि मी, इंदूरच्या गुरुजींनी पास केलेला ध्यानशिक्षक, पुढचं सांगितलं; नेहमीसारखं, रंगवून.