व्हायोलाला मिळालेली दाद

ऐंशीच्या दशकात पोलंडहून दौऱ्यावर आलेल्या चार वादकांपैकी दोघं टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या घरी आठवडाभर राहिले. तिथल्या संगीत मंडळाला पाहुण्यांसाठी घरं हवी होती आणि मी, नेहमीप्रमाणे, पुरतं ऐकून घ्यायच्या आत हो म्हणून बसले होते.

दोन व्हायोलिन, एक चेलो आणि एक व्हायोला. चौघं पंधरा वर्षं एकत्र वाजवत होते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा घोगऱ्या आवाजाचा थोरला भाऊ. तो वाजवणारे गृहस्थ आमच्याकडेच होते. कोबीची भाजी तीनदा मागून घ्यायचे, पण बोलायचे मोजकंच. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मात्र चहा पिता पिता मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "हा दौरा संपला की मी सोडणार. ते तिघं लोकांना ऐकू येतात. मी नसलो तर कुणाला कळणारही नाही."

बाकीच्यांना अजून सांगितलं नव्हतं म्हणे. पंधरा वर्षांचा संसार मोडायला निघाला होता आणि ते ठाऊक असलेली मी एकटीच.

सभागृह निम्मं तरी भरावं म्हणून मी ओळखीची सगळी मराठी घरं गोळा केली. माझ्या गाडीत एका डॉक्टर मैत्रिणीचे वडील होते, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेले, जन्मभर मैफिली ऐकलेले. त्यांना मी बजावलं, "काका, इथे मध्येच दाद द्यायची नाही हं. टाळ्यासुद्धा एकदम शेवटी. रूड समजतात."

"मग वाजवणाऱ्याला कळतं कसं?"

"काका, प्लीज!"

संथ भाग सुरू झाला. दोन्ही व्हायोलिनं थांबली. व्हायोलानं खालचा एक सूर धरला आणि तिथून तो इतका सावकाश वर चढला की मी खुर्चीत पुढे सरकले. तेवढ्यात शेजारून खणखणीत आवाज आला, "वा! क्या बात है!"

अख्खं सभागृह वळून पाहू लागलं. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या नजरेनं मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी भडकून काकांचा हात दाबला. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि मान डोलत होती.

मग मी मंचाकडे पाहिलं. व्हायोलावाले हसत होते. तीच जागा पुन्हा आली तेव्हा त्यांनी काकांकडे बघत ती घेतली, पहिल्यापेक्षाही सावकाश, आणि बाकीचे तिघं त्यांच्यासाठी थांबले. मागून दोन 'वा' आले. तिसरा, खरं सांगायचं तर, माझाच होता.

शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, अध्यक्षीणबाईसुद्धा. तिघांनी मिळून व्हायोलावाल्यांना पुढे ढकललं. मी ढसाढसा रडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर मी त्यांना हळूच विचारलं, "बाकीच्यांना सांगितलंत?"

"काय सांगायचं?" म्हणत त्यांनी व्हायोलाची पेटी उचलली आणि त्या तिघांना गाठायला भराभर चालू लागले.