डावी सळई कोणती?

समजा, तुम्ही मॉरिस गाडीच्या पोटाखाली उताणे पडला आहात. हातात काठीएवढी पोलादी सळई आहे. तिचं एक टोक चाकाच्या दांड्यात, दुसरं सांगाड्यात बसवायचं. चाक खड्ड्यात गेलं की सळई पिळली जाते आणि पुन्हा उलगडते. इतर गाड्यांत स्प्रिंगचे पाटे करतात ते काम इथे तीच करते. अशा सळया दोन, दिसायला जुळ्या. पण प्रत्येकीला एकाच दिशेचा पीळ सोसायची सवय लावलेली. अदलाबदल झाली तर आज गाडी नीट उभी राहील, चार दिवसांनी पुढून बसेल. एखादे वेळी सळई रस्त्यातच तुटेल.

धुळ्यात आग्रा रोडवरच्या झुलाल मिस्तरीने सळया काढतानाच डावीला चुन्याचं बोट लावलं होतं. पण खंडेनवमी आली. गॅरेजातलं सगळं लोखंड धुऊन पूजेला मांडायची रीत. पाने, जॅक, हातोडे यांच्या रांगेत त्या दोघीही कुंकू लावून बसल्या होत्या, लखलखीत.

"चुना कुठे गया?" झुलालने बायकोला विचारलं.

"तो चुना व्हता?" सुनंदाबाई म्हणाली. "माले वाटनं कावळानी करणी शे. बठ्ठं राख लाईसन घासी टाकं."

गाडी सोनगीरच्या अभिमन नानांची. ते चौकशीला येऊन उभेच होते. दसऱ्याला त्यांची सून पहिल्या बाळंतपणासाठी जळगावला माहेरी निघायची होती.

"नाना, थोडं थांबा," झुलाल म्हणाला. "डावी-उजवी समजत नही."

"लोखंडले काय डावंउजवं रे? ते काय जेवाले बसनं शे? दसरा तुन्या सळईसाठी थांबी का?"

झुलालने कुंकू पुसलं. टोकांचे दाते उन्हात धरले. दात्यांची एकच बाजू घासून चमकत होती. भार तिकडूनच येत असणार. रिकाम्या हवेत मनगट पिळून त्याने दिशा ताडली, मन बदललं, पुन्हा ताडली. शेवटी सळया बसवल्या. गाडी जमिनीवर आली ती अगदी सरळ. उलट्या बसवल्या असत्या तरी आज ती अशीच उभी राहिली असती, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

दसऱ्याच्या सकाळी त्याने ड्रायव्हर हिलालला बजावलं, "हळू जा. पारोळ्याले थांबीसन चाकावरची जागा बोटांनी मोज. कमी व्हयनी तर पुढे जाऊ नको."

"बोटं मोजू का स्टेअरिंग धरू?" हिलाल हसला. मागे सूनबाई पोटावर हात ठेवून बसली होती.

गाडी गेली. आपट्याची पानं द्यायला आलेल्यांकडे झुलालचं लक्षच नव्हतं. पारोळ्याकडून येणारा प्रत्येक ट्रक तो हात करून थांबवत होता, आणि एकच विचारत होता:

"दादा, राखाडी मॉरिस दिसनी का? पुढून उभी चालनी व्हती, का नाक खाले व्हतं?"