डाळ बंद, हरभऱ्याचं पाणी चालू

“रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. आयबीएस आहे,” डॉक्टर म्हणाले, तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर सुटकेपेक्षा नाराजीच जास्त होती. एवढे गॅस, एवढी मुरड, आणि रिपोर्ट नॉर्मल? आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतडी दिसायला ठीक, पण स्वभावानं चिडकी. यानं माणूस मरत नाही. म्हणून कुणी मनावर घेत नाही, आणि म्हणूनच यावर दुकानं चालतात.

तसलं एक दुकान आम्हाला नेहरू नगरात भेटलं. पाटी वेलनेस क्लिनिकची. आतल्या मॅडमनी बाबांच्या पोटाला हातही लावला नाही. “लेक्टिन बंद,” म्हणाल्या. लेक्टिन हे डाळी, कडधान्यं, गहू, टोमॅटो, वांगी, मिरची यांत असणारं प्रथिन. ते पोटाला बाधतं, असं त्यांचं म्हणणं. मग खायचं काय? बदामाच्या पिठाची पोळी, ॲव्होकाडो, ऑलिव्ह ऑइल. इंद्रपुरीत राहणाऱ्या, कारखान्यातून रिटायर झालेल्या माणसाला हे सांगताना त्यांना काही वाटलं नाही. मला अजून वाटतं.

आम्ही मूळ नागपूरचे, बाबांच्या नोकरीपायी इथं हिंदी मुलखात आलेले. वरण नाही तर जेवण कसलं? बाबा उकडलेला दुधी आणि काकडी खाऊ लागले. पँट कमरेवरून घसरू लागली. फोडणीचा वास आला की ते उठून गॅलरीत जायचे, म्हणून आईनं आमच्यासाठीही वरण करणं सोडलं. पोट दुखायचं ते दुखतच होतं. मॅडमना फोन केला, तर म्हणाल्या, “अंकल चोरून खात असतील.” उपाय लागू पडला नाही की आजाऱ्यालाच चोर ठरवायचं, ही कुठली रीत?

शेवटी सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत गेलो. सकाळ बाकावर गेली. डॉक्टरांनी बाबांना आडवं करून पोट तपासलं, वजन घेतलं, रक्त तपासायला पाठवलं. म्हणाले, “भाई साहब, आप बीमारी से नहीं, भूख से सूखे हैं.” मग विचारलं, “सुबह सबसे पहले क्या लेते हैं?”

“चने का पानी,” आई अभिमानानं म्हणाली. रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्याचं, ग्लासभर, ताकदीसाठी. आमच्या गल्लीत घरोघरी पितात. “दाने नहीं देते, डॉक्टर साहब. दाल तो बंद है ना. खाली पानी.”

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी समजावलं: लेक्टिनमुळे आयबीएस होतो, असा पक्का पुरावा नाही. पण कच्च्या हरभऱ्याचं पाणी अशा पोटात गॅस करू शकतं, ते थांबवा. डाळ भिजवा, पाणी फेका, कुकरमध्ये मऊ शिजवा. त्यानं लेक्टिनही बरंचसं निकामी होतं. मुगापासून सुरू करा, थोडं थोडं.

“सत्त्व मोरीत ओतायचं?” आईनं घरी येऊन मला विचारलं.

“तुझं सत्त्व गेले कित्येक महिने बाबांच्या पोटात गुडगुडतंय,” मी म्हटलं.

तिनं ओतलं. मुगाचं साधं वरण झालं, वर तूप. टोमॅटो, मिरची आणि गहू बाबांना अजून सोसत नव्हते, म्हणून सुरण चिंचेच्या पाण्यात उकडून घेतला, तीळ-खोबरं भाजून वाटलं, मिरपूड घातली. दाट रस्सा झाला. सोबत ज्वारीची भाकरी. ॲव्होकाडोवाचून काही अडलं नाही.

तुमच्या घरी असा आजार असेल, तर ताटातलं काढायला सांगणाऱ्याला लगेच विचारा, वाढू काय? उत्तर नसेल तर उठून या. वजन उतरत असेल तर थांबू नका, पोटाला हात लावणारा डॉक्टर गाठा. आम्हाला तो भेटला, त्याचे आभार मी जन्मभर मानीन.

त्या दिवशी बाबांनी दुसरी भाकरी मागितली. मग रश्शाकडे बघत म्हणाले, “सुरण खाजतोय थोडा.”

“खाजू द्या,” आई म्हणाली, आणि तिनं अजून वाढलं.