मागच्या सीटवरचे वाघमारे सर

वाघमारे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या शाळेत नववीचा भूमितीचा तास घेत होते. "पहाटं झोपेतच गेले गं... जल्दी ये," सरांच्या पत्नी कमलकाकू एवढंच बोलू शकल्या. त्याला आता दीड महिना झाला. हातातला खडू तसाच घेऊन मी वाटूरची बस पकडली होती, हे मला तिथे पोचल्यावर कळलं.

सर वाटूरचे, राहायचेही तिथेच. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर जालन्याबाहेरच्या धावपट्टीवर ते ग्लायडर शिकवायचे. ग्लायडरला इंजिन नसतं. लांब दोर त्याला खेचून वर नेतो, आणि दोर सुटला की पुढचं सगळं हवेवर. शिकणारा पुढे, शिकवणारा मागे; ग्लायडर वळवायचा दांडा दोघांपुढेही एकेक. चौतीस वर्षांची मास्तरीण उडायला आली म्हणून बाकीचे हसले होते, सर नाही. सकाळच्या शांत हवेत मी बरी उडायचे. पण एका दुपारी तापलेल्या नांगरटीवरून जाताना उसळत्या हवेने ग्लायडरला असं आपटलं, की मी किंचाळून दांडाच सोडून दिला. सरांनी खाली आणलं. मी जाणं बंद केलं.

तिसऱ्या रविवारी ते मोटारसायकलवर थेट माझ्या दारात उभे. "भ्यालात ना बाई? बराबर आहे. सोडायचं तर सोडा, पण घरी बसून न्हाई. वर जाऊन सोडा."

भर दुपारीच नेलं त्यांनी. दोर सुटला आणि खालून पहिला धक्का बसला. पट्टे खांद्यात रुतले. "आवळू नका दांडा. दोन बोटांत धरा. उचकून राह्यलंय तर उचकू द्या." तसं केलं, आणि खरंच, ग्लायडर हेलकावत का होईना पण माझं ऐकू लागलं. उतरायला वळलो तेवढ्यात हवेचा आधारच गेला. चढ-उतार दाखवणारा काटा तळाला टेकला, धावपट्टीआधीच्या बाभळी भराभर वर येऊ लागल्या. माझा हात ग्लायडरचं नाक वर ओढू पाहत होता.

"सर, तुम्ही घ्या!"

"मी हात लावणार न्हाई."

"सर...!"

"पोरी, नाक खाली. वेग घे."

म्हणजे ज्या झाडांची भीती, त्यांच्याकडेच तोंड करायचं. मी दांडा पुढे ढकलला. वारा शिट्टीसारखा वाजू लागला, एक भयंकर क्षण गेला... मग ग्लायडर त्या पडत्या हवेतून बाहेर सुटलं. बाभळी पोटाखालून गेल्या, चाक टेकलं. मला वरचं झाकणही उघडेना. मागून शांत आवाज आला, "पाणी प्या. मंग परत जाऊ." आणि आम्ही गेलो. वर्षभराने तसल्याच हवेत मी एकटी उडाले.

मागच्या आठवड्यात वाटूरला गेले होते. ओसरीवर सरांची वेताची खुर्ची होती. काकू म्हणाल्या, "तू बाभळीवरून आल्तीस ना, त्या दिवशी इथंच बसले. आख्खा तांब्या एका दमात पिले. म्हणले, कमल, आज लई भ्यालो. चारदा हात दांड्याकडं गेल्ता."

"मग हात का नाही लावला?" मी विचारलं.

"मीबी तेच विचारलं. म्हणले, अजून हातभर खाली आली असती तर लावलाच असता. पण मंग ती पुन्हा उडाली नसती."

त्या क्षणी मला तो हात दिसला असता तर...! पण पुढच्या सीटवरून मागचं दिसत नाही. खुर्चीवर बसवेना. तिच्या पायाशी फरशीवर बसले, आणि काकूंनी दिलेला चहा गार झाला तरी उठले नाही.